गावात चर्च असताना चॅपल कशाला?

इंग्लंडच्या जुन्या खेड्यात चर्च शोधावं लागत नाही. गावाच्या मधोमध दगडी मनोरा असतो, भोवती थडगी असतात आणि बांधकाम सहा-सातशे वर्षांपूर्वीचं असलं तरी त्यात कुणाला विशेष वाटत नाही. पण त्याच गावात जरा मागच्या गल्लीत शिरलं, की विटांची आणखी एक इमारत दिसण्याची बरीच शक्यता असते. तिला मनोरा नाही, रंगीत काचा बहुधा नाहीत, दर्शनी भिंतीत सालाचा एक दगड बसवलेला. आज तिथे कुणाचं घर असेल, नाहीतर गाडी दुरुस्तीचं गॅरेज. मूळची इमारत मात्र चॅपलची.

चर्चमध्ये जाणारे ख्रिस्ती, चॅपलमध्ये जाणारेही ख्रिस्ती. दोघेही प्रोटेस्टंट, दोघांच्या हातात एकच बायबल. मग चार-पाचशे वस्तीच्या गावाला दोन प्रार्थनाघरं कशाला लागली?

‘पंथभेद’ असं एका शब्दात उत्तर देता येतं, पण त्यातून फारसं काही कळत नाही. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, बिशप हवेत की नकोत, हे वाद होते आणि माणसं त्यासाठी तुरुंगातही गेली. तरी खेड्यातल्या विणकराला किंवा शेतमजुराला चॅपलकडे ओढणारी गोष्ट मला त्याहून साधी वाटते. गावातली ती एकमेव संस्था होती जिच्या कारभारात त्याला मत होतं.

हे पटण्यासाठी आधी पॅरिश काय होतं ते पाहू. इंग्लंडचा सगळा मुलूख पॅरिशांमध्ये वाटलेला होता. पॅरिशला एक चर्च आणि एक धर्मगुरू, म्हणजे रेक्टर किंवा व्हिकर. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजा झाला. त्यामुळे धर्म आणि सरकार एकाच माळेत ओवले गेले. एलिझाबेथ राणीच्या १५५९ च्या कायद्यानुसार रविवारी चर्चला गैरहजर राहिलं तर १२ पेन्स दंड होता.

गावचा धर्मगुरू नेमण्याचा हक्क गावकऱ्यांकडे नव्हता. तो बऱ्याचदा गावच्या मोठ्या जमीनदाराकडे, म्हणजे स्क्वायरकडे असे. नाहीतर बिशपकडे, राजाकडे किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजकडे. ही मालमत्ताच समजली जाई. ती विकता येई, मुलाला वारशाने देता येई. धर्मगुरूचं पोट टाइथवर चाले: धान्याचा, कोकरांचा, लोकरीचा दहावा हिस्सा. आपल्याकडे खळ्यावर बलुत्याचा वाटा निघायचा तसाच हा प्रकार, पण बलुतेदार निदान वर्षभर काम तरी करून देई. टाइथ घेणारा रेक्टर कित्येकदा गावात राहतही नसे. तुटपुंज्या पगारावर एक क्युरेट, म्हणजे बदली धर्मगुरू, ठेवायचा आणि आपण दुसरीकडे राहायचं, हे सर्रास चाले. शिवाय चर्चची कौलं, घंटा, भिंती यांच्या डागडुजीसाठी ‘चर्च रेट’ नावाची पट्टी होती. तुम्ही त्या चर्चची पायरी चढत नसलात तरी ती भरावी लागे.

या व्यवस्थेतून बाहेर पडू पाहणारे लोक सोळाव्या शतकापासूनच होते. त्यांतला सुरुवातीचा एक, रॉबर्ट ब्राऊन. सरकारच्या परवानगीची वाट न पाहता स्वतंत्र मंडळी स्थापन करा, असं सांगणारा. पुढे त्यानेच चर्चशी जुळवून घेतलं आणि नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अचर्च या गावी सुमारे ४० वर्षं रेक्टर म्हणून काढली! तरी मूळचा स्वभाव गेला नसावा. १६३३ मध्ये तो वारला तो नॉर्थॅम्प्टनच्या तुरुंगात, एका कॉन्स्टेबलवर हात उगारल्याबद्दल. नॉटिंगहॅमशायरच्या स्क्रूबी गावातले काही लोक मात्र माघारी फिरले नाहीत. ते १६०८ च्या सुमारास हॉलंडला पळाले आणि त्यांच्यातले काही १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेला पोचले.

खरी फाळणी झाली १६६२ मध्ये. यादवी युद्ध, राजाचा शिरच्छेद, क्रॉमवेलचं राज्य हे सगळं होऊन गेलं होतं, आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर बसला. पार्लमेंटने ठरवलं की आता सगळ्यांची उपासना एकसारखी. प्रार्थना ठरलेल्या पुस्तकातूनच म्हणायच्या, त्या पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीला धर्मगुरूने उघड संमती द्यायची. मुदत २४ ऑगस्ट १६६२. १६६० ते १६६२ या काळात मिळून सुमारे २,००० धर्मगुरूंची पदं गेली. तारीखही अशी निवडलेली, की २९ सप्टेंबरच्या सुमारास हाती पडणारा टाइथ बुडाला. ज्यांनी नियमांशी जुळवून घ्यायला नकार दिला ते नॉनकन्फॉर्मिस्ट. डिसेंटर हेही त्यांचंच नाव.

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं वाईट गेली. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक लोक स्वतंत्र उपासनेसाठी जमले तर गुन्हा. पहिल्या वेळी ५ पौंड किंवा तीन महिने कैद, तिसऱ्या वेळी १०० पौंड किंवा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. १६६५ च्या कायद्याने पदावरून गेलेल्या धर्मगुरूला आपल्या जुन्या पॅरिशच्या किंवा मोठ्या शहराच्या पाच मैलांच्या आत यायला बंदी झाली. १६७० मध्ये तर दंडाचा एक-तृतीयांश खबऱ्याला देण्याची सोय केली गेली. छोट्या गावात याचा अर्थ काय होत असेल? तुमच्या कोठारात रविवारी रात्री कोण येतं-जातं हे शेजाऱ्याला माहीत, आणि ती माहिती विकली की रोख पैसे. एल्स्टो गावचा भांडी सांधणारा जॉन बन्यन या कायद्यांच्याही आधी, १६६० च्या नोव्हेंबरमध्ये, हार्लिंग्टनजवळच्या एका शेतघरात प्रवचनाला गेला असताना पकडला गेला. जवळजवळ बारा वर्षं तो बेडफर्डच्या तुरुंगात होता. ‘प्रवचन करणार नाही’ एवढं कबूल केलं असतं तर सुटला असता.

१६८९ मध्ये ‘टॉलरेशन ॲक्ट’ आला. त्याने समान हक्क दिले नाहीत, फक्त शिक्षा थांबवली. बिशपच्या कचेरीत किंवा न्यायाधीशांच्या तिमाही बैठकीत नोंद केलेल्या जागी डिसेंटरांनी जमायला हरकत नव्हती. एक अट मात्र पाहण्यासारखी आहे: उपासना चालू असताना दाराला कडी, कुलूप किंवा अडसर लावायचा नाही. आत काही कट शिजत नाही ना, हे कुणालाही आत येऊन पाहता यायला हवं. सुरुवातीची ही ‘मीटिंग हाउसं’ म्हणजे बहुधा कुणाचं तरी स्वयंपाकघर, कोठार किंवा रिकामं पडलेलं घर.

चॅपल कुठल्या गावात उगवलं आणि कुठल्या गावात नाही, याचं गणित बायबलपेक्षा जमिनीच्या कागदांत सापडतं. सगळं गाव एका स्क्वायरच्या मालकीचं असेल तर चॅपलसाठी गुंठाभर जागाही मिळत नसे. घर त्याचं, काम त्याच्याकडे, आणि रविवारी तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेला. कोण आलं नाही हे त्याला दिसतंच. याउलट जिथे जमीन अनेक लहान मालकांत विभागलेली होती, विणकर, जोडे शिवणारे, सुतार असे आपल्या हातांवर पोट असणारे कारागीर होते, तिथे डिसेंटर टिकले. मोठ्या पॅरिशमधल्या दूरच्या वाड्या-वस्त्यांवरही ते फोफावले, कारण तिथून पॅरिश चर्च लांब आणि व्हिकरची नजर त्याहून लांब. चॅपलं मागच्या गल्लीत दिसतात त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. जागा विकायला तयार असलेल्या माणसाची जागा जिथे होती तिथे ती बांधली गेली.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात पाहता येतं, आणि तो माणूस मराठीच्या इतिहासालाही ओळखीचा आहे: विल्यम कॅरी.

कॅरी १७६१ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरच्या पॉलर्सपरी गावात जन्मला. बाप एडमंड आधी विणकर, पुढे गावचा शाळामास्तर आणि पॅरिश क्लार्क. पॅरिश क्लार्क म्हणजे चर्चमध्ये व्हिकरच्या खाली बसून मोठ्याने ‘आमेन’ म्हणणारा, नोंदी सांभाळणारा माणूस. घर पक्कं चर्चवालं. पोराला डिसेंटरांचा तिटकारा होता, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. उन्हात कातडीला त्रास व्हायचा म्हणून शेतीकाम सुटलं आणि तो पिडिंग्टनला एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. तिथे जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार डिसेंटर निघाला. दिवसभर दोघांनी शेजारी बसून चामड्यात आरी चालवायची आणि तोंडाने वाद घालायचा. कॅरीच सांगतो, की वादात शेवटचा शब्द आपलाच असे, पण मनात रुखरुख राही.

पिडिंग्टनच्याच पॅरिशमध्ये हॅकल्टन ही वस्ती होती. तिथे चर्च नव्हतं, पण डिसेंटरांची एक छोटी सभा भरे. १० फेब्रुवारी १७७९ हा दिवस राजा तिसऱ्या जॉर्जने देशभर उपवास आणि प्रार्थनेसाठी जाहीर केला होता. अमेरिकेतलं युद्ध नीट चाललं नव्हतं. सतरा वर्षांचा कॅरी त्या दिवशी हॅकल्टनच्या सभेला गेला. प्रवचन करणाऱ्याने इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायातलं वचन घेतलं: ख्रिस्ताची निंदा आपल्याही अंगावर घेत, छावणीच्या बाहेर त्याच्याकडे जाऊ या. कॅरीने त्या वचनाचा अर्थ अगदी रोखठोक लावला. छावणी म्हणजे पॅरिश चर्च, निंदा म्हणजे गावाचं हसणं. तो चर्चमधून बाहेर पडला. राजाच्याच विजयासाठी पाळलेल्या उपवासाच्या दिवशी राजाच्या चर्चचं एक माणूस कमी झालं, ही गंमत मला फार आवडते.

पण बाहेर पडणं अर्धवटच शक्य होतं. १७८१ च्या जूनमध्ये त्याचं डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. तिच्या माहेरचे हॅकल्टनच्या सभेतले. म्हणजे नवरा-नवरी दोघेही डिसेंटर, आणि लग्न कुठे? पिडिंग्टनच्या पॅरिश चर्चमध्ये, व्हिकरच्या पुस्तकाप्रमाणे. १७५३ च्या कायद्याने क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना तिथेच लग्न लावावं लागे, नाहीतर ते बेकायदा. वधूने नोंदवहीत सहीऐवजी फुली मारली. तिला लिहिता येत नव्हतं.

दोन वर्षांनी, ५ ऑक्टोबर १७८३ च्या सकाळी, नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत कॅरीचा बाप्तिस्मा झाला. तान्हेपणी पॉलर्सपरीला एकदा झालेला होताच, पण बाप्तिस्टांच्या मते तो धरायचा नाही. ज्याला समजतं आणि जो स्वतः कबुली देतो त्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. पाण्यात उतरवणारे बाप्तिस्ट पाळक जॉन रायलंड तेव्हा एका गरीब जोडे शिवणाऱ्याला बाप्तिस्मा देत होते, यापलीकडे त्यांना काही वाटायचं कारण नव्हतं.

आता चॅपलचा कारभार कसा चाले ते पाहा. कॅरीला प्रवचनकार व्हायचं होतं. चर्चमध्ये हे जमलंच नसतं. त्याला विद्यापीठ लागे, आणि ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच किंवा केंब्रिजची पदवी घेताना चर्चच्या श्रद्धेच्या ३९ कलमांना मान्यता द्यावी लागे. डिसेंटरांकडे रीत वेगळी. १७८५ मध्ये कॅरी ऑल्नी गावच्या बाप्तिस्ट मंडळीसमोर उभा राहिला आणि प्रवचन केलं. मंडळीने ऐकलं आणि ठरवलं: अजून तयारी नाही. वर्षभराने, १७८६ मध्ये, पुन्हा ऐकून परवानगी दिली. पोट हातावर असणाऱ्या साध्या माणसांनी बसून उमेदवाराची परीक्षा घ्यायची, नापास करायचं, पुन्हा बोलवायचं. त्या काळात इंग्लंडच्या बहुसंख्य पुरुषांना आणि सगळ्या बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं. चॅपलमध्ये मात्र पाळक कोण असावा, नवीन सभासद घ्यायचा का, छपराला किती खर्च करायचा, हे सभासद ठरवत. बायकांना बोलायला आणि मत द्यायला किती मोकळीक, हे मंडळीगणिक बदलत असे, पण सभासदांच्या यादीत त्यांची नावं भरपूर असत.

कॅरी मोल्टन गावी गेला. मीटिंग हाउस मोडकळीला आलेलं. १७८७ च्या १ ऑगस्टला त्याची पाळक म्हणून रीतसर स्थापना झाली. पगार लंडनच्या एका फंडाची मदत धरूनही वर्षाला पंधरा पौंडांच्या आसपास, त्यात बायको-पोरांचं भागणं अशक्य. म्हणून शाळा काढली. ती बंद पडली तेव्हा पुन्हा जोडे. पाठीवर शिवलेल्या जोड्यांची थैली टाकून शहरापर्यंत पायी जायचं आणि येताना नवीन चामडं घेऊन यायचं. त्याची ती झोपडी अजून उभी आहे, चामडं भिजवायच्या कुंडीसकट. आत भिंतीवर त्याने कागदाचे ताव जोडून जगाचा नकाशा टांगला होता आणि देशोदेशीची लोकसंख्या, धर्म हे त्यावर टिपून ठेवलं होतं. रात्री लॅटिन, ग्रीक, हिब्रू. शिकवायला कुणी नाही, पुस्तकं मागून आणलेली.

२ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगमध्ये एका विधवा बाईंच्या घरी मागच्या खोलीत चौदा माणसं जमली. बहुतेक आसपासच्या गावांचे बाप्तिस्ट पाळक. परदेशी मिशनसाठी त्यांनी वर्गणीचे आकडे घातले, एकूण १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. दुसऱ्या वर्षी कॅरी डॅनिश जहाजाने निघाला, कारण ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना परवाना देत नव्हती. १८०० पासून तो राहिला तोही डॅनिश वसाहतीत, श्रीरामपूरला, कलकत्त्याच्या उत्तरेला.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०१ मध्ये त्याला बंगाली शिकवायला घेतलं, पुढे संस्कृत आणि मराठीही आली. तिथेही छावणीबाहेरचा शिक्का होताच. डिसेंटर म्हणून त्याला सुरुवातीला ‘प्रोफेसर’ न म्हणता ‘शिक्षक’ म्हणून नेमलं. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्याचं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापून निघालं, १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठी-इंग्रजी कोश आला. या कामातलं श्रेय पंडितांना किती, हा प्रश्न मराठी अभ्यासकांनी विचारायलाच हवा. जोडे शिवणाऱ्याने एकट्याने मराठी उलगडली असं मानायचं कारण नाही. पण विद्यापीठाचं दार बंद असताना भाषा शिकायची सवय त्याला मोल्टनच्या झोपडीत लागली, हेही तितकंच खरं.

मराठी मुलखाशी आणखी एक धागा आहे. मेफ्लॉवरने गेलेल्या आणि त्यांच्यामागून न्यू इंग्लंडला गेलेल्या प्यूरिटनांच्या परंपरेतून अमेरिकेतले काँग्रिगेशनल पंथीय आले. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, वर बिशप नाही, ही त्यांची शिस्त. त्यांचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यातून उभी राहिलेली अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरात रुजली.

परत इंग्लंडच्या खेड्यात. चॅपलची फार आरती ओवाळायला नको. आतलं वातावरण मोकळं नव्हतं. सभासद होताना करारनाम्यावर सही किंवा फुली करायची, आणि मग तुमचं खाजगी असं फार काही उरायचं नाही. दारू पिऊन आला, कर्ज बुडवलं, बायकोला मारलं, बाहेरच्याशी लग्न केलं, जत्रेत नाचली, अशा कारणांवरून सभासदांना मंडळीसमोर उभं केलं जाई आणि नावं काढून टाकली जात. भांडणं तर विचारूच नका. देवाने तारण सगळ्यांसाठी ठेवलंय की निवडलेल्यांसाठीच, यावरून मंडळ्या फुटल्या आणि मूठभर वस्तीच्या गावात दुसरं चॅपल उभं राहिलं.

अठराव्या शतकात मेथडिस्ट आले. जॉन वेस्ली स्वतः शेवटपर्यंत इंग्लंडच्या चर्चचाच धर्मगुरू राहिला, पण १७९१ मध्ये तो गेल्यावर त्याचे अनुयायी हळूहळू वेगळे झाले. त्यांतल्या ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ शाखेने शेतमजुरांना हाताशी धरलं. मो कॉप नावाच्या डोंगरावर १८०७ मध्ये दिवसभर उघड्यावर प्रार्थनासभा झाली, त्यातून ती निघाली. इथे आठवडाभर नांगर धरणारा माणूस रविवारी पाच-सात मैल चालत जाऊन शेजारच्या गावी प्रवचन करी. लोकांसमोर उभं राहून बोलणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, वर्गणीचा हिशेब ठेवणं हे तो तिथे शिकला.

त्याचा उपयोग कुठे झाला? डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावात मजुरी आठवड्याला ९ शिलिंगांवरून ७ वर आली आणि ६ करण्याची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस या शेतमजुराने संघटना काढली. तो मेथडिस्ट प्रवचनकार, आणि त्याचे बहुतेक साथीदार त्याच चॅपलचे. गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपाखाली १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. देशभर निदर्शनं झाल्यावर १८३६ मध्ये माफी मिळाली. १८७२ मध्ये वॉरिकशायरच्या बारफर्डचा जोसेफ आर्च वेल्सबोर्न गावी जमलेल्या मजुरांसमोर उभा राहिला आणि शेतमजुरांच्या राष्ट्रीय युनियनची सुरुवात झाली. तोही प्रिमिटिव्ह मेथडिस्ट प्रवचनकार. १८८५ मध्ये तो खासदार झाला. बारफर्डला त्याच्या लहानपणी चर्चमध्ये जमीनदार आधी, मग शेतकरी, मग दुकानदार आणि सगळ्यांत शेवटी मजूर, अशा क्रमाने प्रभुभोजन घेतलं जाई. हे त्याने दाराच्या किल्लीच्या भोकातून पाहिलं होतं आणि आयुष्यभर विसरला नाही.

३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने देशभर मोजणी केली: कुठल्या प्रार्थनाघरात किती जण आले. इंग्लंड आणि वेल्समधल्या हजेरीपैकी जवळजवळ निम्मी राजाच्या चर्चच्या बाहेरची निघाली. चर्चवाल्यांना धक्का बसला. ‘आम्ही म्हणजेच देश’ हे म्हणणं आकड्यांत बसेना.

कायदे त्याआधीपासूनच एकेक करून ढिले पडत होते. डिसेंटरांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारे कायदे १८२८ मध्ये गेले. १८३६ च्या कायद्याने, १८३७ पासून, चॅपलमध्ये किंवा नोंदणी कचेरीत लग्न करता येऊ लागलं. चर्च रेटची सक्ती १८६८ मध्ये संपली, विद्यापीठांच्या धार्मिक अटी १८७१ मध्ये. सगळ्यांत उशिरा सुटलेला प्रश्न मात्र मातीचा होता.

बऱ्याच गावांत पुरायला जागा एकच: पॅरिश चर्चचं आवार. तिथे विधी करायचा हक्क फक्त व्हिकरचा. आणि प्रार्थनापुस्तकात स्पष्ट नियम: बाप्तिस्मा न झालेला, बहिष्कृत किंवा आत्महत्या केलेला, यांच्यासाठी हा अंत्यविधी म्हणायचा नाही. बाप्तिस्ट तर लहान मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. म्हणजे त्यांचं प्रत्येक दगावलेलं मूल या यादीत. १८७८ च्या ऑगस्टमध्ये सफक परगण्यातल्या एकनम गावी एका बाप्तिस्ट शेतमजुराचा दोन वर्षांचा मुलगा गेला. रेक्टर जॉर्ज ड्रुरी यांनी सांगितलं की मूल पुरा, पण विधी होणार नाही. आई-बापांनी काँग्रिगेशनल पाळक विकम टोझर यांना बोलावलं. आवारात परवानगी नव्हती, म्हणून फाटकाबाहेरच्या कुरणात, पेटी खाली ठेवून, टोझर यांनी वचनं वाचायला सुरुवात केली. ड्रुरी तिथे आले. आधी मूल पुरा मग काय ते करा, हे मूल ख्रिस्ती नव्हतंच, असं म्हणू लागले. आई-बापांसमोर, त्या पेटीशेजारी, दोन धर्मगुरूंची जोरात जुंपली. शेवटी रेक्टर फाटकाला कुलूप लावून निघून गेले.

वर्तमानपत्राने बातमी छापली. ड्रुरी यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकलाही. भरपाई मिळाली ४० शिलिंग. पण देशभर व्हायची ती चर्चा होऊन गेली होती. १८८० च्या कायद्याने पॅरिशच्या आवारात दुसऱ्या पंथाच्या पाळकाला विधी करायला, किंवा विधीविना पुरायला मोकळीक मिळाली.

त्यानंतर खेड्यातल्या चॅपलची भरभराट फार टिकली नाही. शेती मंदावली, मजूर शहराकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर रविवारची गर्दी ओसरली. १९३२ मध्ये मेथडिस्टांच्या मोठ्या शाखा एक झाल्या, तेव्हा एकेका गावात दोन-दोन मेथडिस्ट चॅपलं रिकामी-अर्धी उरली होती, त्यांतलं एक विकलं गेलं. इंग्लंडमधले बहुतेक काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन १९७२ मध्ये एकत्र आले.

डिसेंटरांची एक मोठी मागणी होती: सरकार आणि चर्च यांची फारकत. त्यासाठी एडवर्ड मायल यांच्या पुढाकाराने १८४४ मध्ये संघटना निघाली. आयर्लंडमध्ये ती फारकत १८७१ मध्ये झाली, वेल्समध्ये १९२० मध्ये. वेल्समध्ये तर चॅपलवाल्यांनीच ती ओढून आणली. इंग्लंडमध्ये ती झाली नाही. राजा अजून तिथल्या चर्चचा प्रमुख आहे, आणि त्या चर्चचे २६ बिशप लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात.